कुसगांवच्या पावसांत घरची फुलबाग

विद्यार्थी मित्रहो, घरापुढें चार फुलझाडें असावींत असें कोणाला वाटत नाहीं? मृग नक्षत्र लागलें, पहिल्या सरी येऊन गेल्या, कीं कुसगांव-लोणावळ्याकडील कित्येक घरीं रोपें आणलीं जातात. गुलाब येतो, शेवंती येते, निशिगंधाचे कंद येतात. मोठ्या हौसेनें खड्डे खणून सर्वांची लावणी होते. परंतु श्रावण सरतो न सरतो तोंच गुलाबाची काठी काळी पडते, शेवंतीचा मागमूस राहत नाहीं, आणि त्यांतूनहि जें कांहीं तगतें तें पुढें वैशाखाच्या उन्हांत वाळून जातें. मग घरची मंडळी म्हणतात, “आमच्या हाताला यश नाहीं”, किंवा “इथली मातीच वाईट.” आमच्या मतें हे दोन्ही निकाल घाईचे आहेत. येथील हवेचा स्वभाव ध्यानांत न घेतां लावलेल्या बागेची अशी गत व्हावयाचीच. तो स्वभाव कसा ओळखावा, आणि त्याला धरून घरची लहानशी फुलबाग बारा महिने कशी राखावी, एवढाच विषय या लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

येथील हवा आणि पाण्याचा हिशेब

मावळ तालुक्यांत कुसगांव नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं लोणावळ्याला लागून असलेलें कुसगांव बुद्रुक येथें आमच्या डोळ्यांपुढें आहे. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून अधिक उंच असून सह्याद्रीच्या कड्यापासून फार दूर नाहीं. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे कोंकण ओलांडून या कड्याला भिडतात, वर चढतात, चढतां चढतां थंड होतात, आणि त्यांतील वाफेचें पाणी होऊन तें घाटमाथ्यावर कोसळतें. कामशेत, वडगांव, तळेगांव असें पूर्वेकडे जावें तसतसा पाऊस उतरत जातो. पुणें शहरास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या ६५ किलोमीटरांवर असलेल्या लोणावळ्यास तो ४,००० मिलिमीटरांहूनहि अधिक पडतो. म्हणून पुण्याच्या अंगणांत जो नियम चालतो तो कुसगांवच्या अंगणांत जसाच्या तसा चालत नाहीं.

आतां थोडें अंकगणित करूं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. आपला फुलांचा वाफा पांच मीटर लांब व दोन मीटर रुंद, म्हणजे १० चौरस मीटरांचा आहे असें समजा. त्यावर वर्षाकाठीं ४,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०,००० लिटर पाणी झालें. आणि त्याचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत त्याच वाफ्याला, दर चौरस मीटरास रोज ४ लिटर या अंदाजानें, दररोज ४० लिटर पाणी द्यावें लागेल. २४० दिवसांचे ९,६०० लिटर होतात. म्हणजे वाफ्याला आठ महिने जें हवें तें, चार महिन्यांत त्याच्या अंगावर पडून गेलेल्या पाण्याच्या चवथ्या हिश्शाहूनहि कमी आहे! मेघराजानें हात आखडलेला नाहीं. त्यानें वर्षभराचा शिधा एकदमच ओतला आहे. तेव्हां कुसगांवच्या माळ्याचें काम दुहेरी आहे. चार महिने पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून द्यावयाची, आणि आठ महिने उरलेल्या ओलाव्याला जाऊं द्यावयाचें नाहीं. या लेखांतील बाकीचें सर्व कांहीं या एका सूत्राचा विस्तार आहे.

मुळांचा श्वास

पाणी हें झाडाचें जीवन, मग पाण्यानें झाड मरतें कसें, असा प्रश्न चतुर विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर जमिनीखालीं आहे. झाडाचीं मुळेंहि आपल्याप्रमाणें श्वासोच्छ्वास करितात. चांगल्या भुसभुशीत मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असून त्यांत हवा असते. पाणी साचून राहिलें कीं ही हवा निघून जाते व तिची जागा पाणी घेतें. मुळें गुदमरतात, त्यांची पाणी शोषण्याची शक्ति जाते, आणि ओल्या मातींत वाढणाऱ्या बुरशीला अशीं दुबळीं मुळें आयतींच सांपडतात. मग तीं कुजतात. नवल असें कीं, मुळें कुजलेलें झाड वरून तहानलेल्या झाडासारखेंच दिसतें. त्याचीं पानें माना टाकतात. अजाण माणूस तें पाहून आणखी एक तांब्या पाणी ओततो, आणि बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर उपडी करितो. म्हणून पान मलूल दिसतांच आधीं बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें. माती ओली लागली तर पाणी देऊं नये. पाणी जाण्याची वाट शोधावी.

येथें दुसरीहि शंका येईल. आपल्या घराच्या मागें भाताचीं खाचरें तुडुंब भरलेलीं असतात आणि भात त्यांत आनंदानें डोलतो. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रानें १९८७ सालीं प्रसारित केलेला सुवासिक इंद्रायणी भात आपल्या नदीचें नांव घेऊन याच पाण्यांत वाढतो. मग गुलाबानेंच काय घोडें मारलें? उत्तर असें कीं, भाताच्या खोडांत व मुळांत हवेच्या बारीक पोकळ नळ्या असतात. पानांकडून येणारी हवा त्या नळ्यांतून चिखलांतल्या मुळांपर्यंत पोंचते. गुलाब, शेवंती, मोगरा यांना अशी सोय नाहीं. शेतकरी बांध घालून पाणी अडवितो तें भातासाठीं. फुलबागेंत बांध फोडावा लागतो. शेजारीं शेजारीं असलेल्या दोन तुकड्यांचे धर्म असे निराळे असतात.

माती

सह्याद्रीचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. उतारावर पुष्कळ ठिकाणीं वीतभर माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याच्याखालीं कातळ अशी रचना आढळते. शुभवर्तमानांतील पेरणाऱ्याचा दाखला आपण उपासनेंत पुष्कळदां ऐकतों. खडकाळ जमिनीवर पडलेलें बीं लवकर उगवतें, पण मुळांना खोली नसल्यामुळें उन्हाबरोबर करपून जातें, हें वर्णन ऐकतांना मावळच्या मुलांना तरी निराळें स्पष्टीकरण नको. आषाढांत हिरवागार झालेला आणि फाल्गुनांत पिवळा पडलेला आपल्या मागचा माळ हाच त्या दाखल्याचा नकाशा आहे.

शिवाय मुसळधार पाऊस मातींतील नत्र, चुना इत्यादि विरघळणारीं द्रव्यें धुवून खालीं नेतो, त्यामुळें माती निकस व आम्ल होत जाते. “अति तेथें माती” अशी म्हण आहे. पण पावसाची अति झाली म्हणजे मातीहि जागेवर राहत नाहीं. यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे पालापाचोळ्याचें खत. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा उंचवट्याच्या जागीं खणावा. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत झडलेलीं पानें जाळून टाकण्याऐवजीं त्यांत भरावींत. मधूनमधून शेणाचा काला व थोडी माती यांचा थर द्यावा, ओलावा राखावा आणि पावसांत वर आच्छादन घालावें. आठ-दहा महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीच्या सुवासाचें खत तयार होतें. या खताचा गुण असा कीं, तें पावसाळ्यांत माती मोकळी ठेवतें व उन्हाळ्यांत पाणी धरून ठेवतें. म्हणजे आपल्या सूत्राचीं दोन्हीं अंगें एकटेंच साधतें. चुलीची लाकडी राख मूठभर मिसळली तर आम्लपणाहि थोडा उतरतो. मात्र अनंताच्या झाडाला राख घालूं नये. त्याला किंचित् आम्ल मातीच मानवते.

पावसाळ्यांतील काळजी

पावसाळ्याची तयारी पावसाळ्यापूर्वीं, म्हणजे मे महिन्यांतच करावी. वाफ्याच्या जागीं एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्यानें भरावा. तें जिरल्यावर पुन्हां भरावा व घड्याळ पाहावें. कांहीं तासांत पाणी जिरलें तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशींहि डबकें दिसलें तर त्या जागीं गुलाब लावण्याचा आग्रह सोडावा.

वाफे भोंवतालच्या जमिनीपेक्षां नऊ इंच ते एक फूट उंच करावे. यांनाच गादीवाफे म्हणतात. कडेला दगड किंवा विटा लावाव्यात, म्हणजे माती वाहून जाणार नाहीं. दोन वाफ्यांमधून चर काढून तो उताराकडे न्यावा. परंतु आपलें पाणी शेजाऱ्याच्या जोत्याशीं जाणार नाहीं, हें पाहणें हा बागेचा व शेजारधर्माचा सारखाच नियम आहे. उन्हाळ्यांत झाडाभोंवतीं केलेलें आळें जूनच्या आरंभीं मोडून टाकावें व बुंध्याशीं मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी बुंध्यापासून दूर वाहून जाईल. पाऊस संपल्यावर तेंच आळें पुन्हां करावें. आळें केव्हां मोडावें आणि केव्हां बांधावें हें ज्याला कळलें, त्याला येथील बागेचें अर्धें शास्त्र कळलें असें समजावें.

छपराच्या पागोळ्यांखालीं रोप लावूं नये. वीस चौरस मीटरांच्या छपरावर एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २,००० लिटर पाणी कडेवरून खालीं येतें. त्या धारेखालीं माती टिकत नाहीं, मग मूळ कसें टिकेल? पन्हळ लावून तें पाणी पिंपांत धरावें किंवा चरांत सोडावें.

कुंड्यांच्या बुडाला भोंक असावें व कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. खालची बशी पावसाळ्यांत काढून घ्यावी. तींत पाणी सांचून मुळें तर कुजतातच, पण डासांचीहि वीण होते. भोंकावर खापरीचा एक तुकडा माती अडविण्यापुरता ठेवावा. तळाशीं खडीचा जाड थर घातला म्हणजे निचरा सुधारतो असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाहीं. बारीक माती खडीच्या वर पाणी धरूनच ठेवते, आणि मुळांना मिळणारी जागा मात्र कमी होते. त्यापेक्षां सबंध कुंडींतील मिश्रणच मोकळें असावें : एक भाग माती, एक भाग पानांचें खत व एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा.

खत एकदम घालूं नये. जूनमध्यें घातलेलें पाटीभर खत जुलैअखेर ओढ्याला मिळतें. पावसांत मूठ मूठ, आणि मुख्य हप्ता पाऊस ओसरल्यावर, असा क्रम ठेवावा.

सततच्या ओलाव्यानें गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात. अशीं पानें वेंचून बागेबाहेर टाकावींत. झाडें दाट लावूं नयेत, म्हणजे वारा खेळता राहतो. उपाय म्हणून बोर्डो मिश्रण वापरतात. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें प्रसिद्धीस आलें. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत व १० ग्रॅम विरविलेला चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यांत कालवून दोन्ही एकत्र ओतावीं. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें घ्यावें, लोखंडाचें घेऊं नये. तयार मिश्रणांत स्वच्छ सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा. पावसाची उघडीप पाहून तें त्याच दिवशीं फवारावें. मोरचूद विषारी आहे; म्हणून हें काम घरांतील वडील माणसांनींच करावें. गोगलगायी रात्रीं बाहेर पडतात. कंदील किंवा बॅटरी घेऊन त्या चिमट्यानें वेंचाव्या व मिठाच्या पाण्याच्या बादलींत टाकाव्या. मीठ वाफ्यांत टाकूं नये, त्यानें माती बिघडते.

झाडांची निवड

आतां लावावें काय? पाहुण्याला त्याच्या प्रकृतीप्रमाणें जागा द्यावी, तशी झाडांची दोन गटांत वांटणी करावी.

पहिला गट उघड्या पावसांत टिकणाऱ्यांचा. कर्दळ व सोनटक्का यांना ओल आवडते. सोनटक्क्याच्या सुवासानें पावसाळी संध्याकाळ भरून जाते. तेरडा तर या डोंगरांचाच रहिवासी. “तेरड्याचा रंग तीन दिवस” असें म्हणून लोक त्याला हिणवितात; परंतु ज्या दिवसांत गुलाब कुजतो त्या दिवसांत अंगणांत रंग भरणारा तोच असतो, हा त्याचा गुण म्हण लिहिणाऱ्यानें पाहिला नाहीं. शिवाय त्याची पिकलेली शेंग बोट लागतांच फुटून बिया कशा उडवते, हा मुलांना वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा होतो. अनंत पावसाच्या तोंडावर फुलतो, जाई सरींमध्यें फुलते, प्राजक्त श्रावणापासून सडा घालतो. जास्वंद, कण्हेर, गुलबक्षी, गोकर्ण व पावसाळी लिली यांना निचरा असला म्हणजे पुरे.

दुसरा गट आडोसा मागणाऱ्यांचा. गुलाब, शेवंती, मोगरा, निशिगंध, अबोली व जरबेरा हीं कुंड्यांत लावून पावसाळ्यांत ओसरीच्या कडेला, उजेड मिळेल पण धार लागणार नाहीं अशा जागीं आणावींत. तळेगांव व पवन मावळ या भागांतील शेतकरी फेब्रुवारीच्या १४ तारखेसाठीं गुलाब परदेशीं धाडतात, हें आपण ऐकलें असेल. ते गुलाब उघड्यावरचे नसून पॉलिहाऊसमधले असतात. आणि त्या प्लास्टिकच्या छपराचें येथील एक मोठें काम पाऊस बाहेर ठेवणें हें आहे. त्यांना जें मोठ्या खर्चानें करावें लागतें, तें चार कुंड्यांपुरतें आपली ओसरी फुकट करिते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. झेंडू, डेलिया व झिनिया हीं मेक्सिकोकडचीं, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडची. ज्यांना आपण घरचीं म्हणतों त्यांतलीं कित्येक फुलें केव्हां ना केव्हां पाहुणीं म्हणून आलीं, आणि कोणीतरी त्यांची प्रकृति ओळखून जागा दिली म्हणून तीं घरचीं झालीं.

हिवाळा : फुलांचा सुगीचा काळ

हस्ताचा पाऊस ओसरला कीं येथील बागेचे सर्वांत चांगले दिवस सुरू होतात. आकाश निवळतें, जमिनींत ओल असते, रात्री थंड होऊं लागतात. झेंडूचें बीं ऑगस्टअखेर आडोशाला टोपलींत पेरून ठेवलें असेल तर त्याचीं रोपें आतां वाफ्यांत लावावींत. फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस यांचें बीं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरांत पेरावें.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरांत करितात. वाळकी, रोगट व एकमेकींत गुंतलेली फांदी काढावी. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित् वर तिरपा काप द्यावा. डोळा भरलेल्या कलमाच्या सांध्याखालून फुटणारे धुमारे रानटी गुलाबाचे असतात, ते मुळापासून काढावेत. छाटणीपासून फुलें येण्यास सुमारें ४५ दिवस लागतात. तेव्हां नाताळच्या सकाळीं देवळांत आपल्या घरचे गुलाब न्यावयाचे असतील, तर कांहीं झाडें नोव्हेंबरच्या १० तारखेच्या सुमारास छाटावींत. आईवडिलांनीं हा दिवस मुलांकडूनच मोजवून घ्यावा. उजळणी करण्यास याहून गोड निमित्त मिळणें कठीण.

शेवंती व पॉइन्सेटिया यांची रीत निराळी. रात्र लांबूं लागली म्हणजेच त्यांना कळ्या धरतात. रात्रभर दिवा जळत असलेल्या ओसरींत त्यांची कुंडी ठेवली तर त्यांना लांब रात्र झाल्याचें कळतच नाहीं आणि कळ्या लांबतात. म्हणून पाऊस संपतांच या कुंड्या दिव्यापासून दूर ठेवाव्यात. या दिवसांत गुलाबाच्या कोंवळ्या पानांवर पांढरी भुरी दिसते. तिचीं पानें वेळींच काढावींत व झाडांमध्यें अंतर ठेवावें. ज्यांना सवड असेल त्यांनीं जानेवारींत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें भरणारें पुष्पप्रदर्शन मुलांना अवश्य दाखवावें. मात्र तेथें पाहिलेलें प्रत्येक झाड कुसगांवास आणावयाचा हट्ट धरूं नये.

उन्हाळा

फेब्रुवारीपासून सूत्राचें दुसरें अंग सुरू होतें. आळीं बांधलेलीं असावींत. मातीवर भाताचा पेंढा किंवा वाळलेलीं पानें यांचें दोन-तीन इंच जाड आच्छादन घालावें. बुंध्याला तें चिकटवूं नये. या आच्छादनानें ऊन थेट मातीला लागत नाहीं व ओल टिकते. पाणी भल्या सकाळीं द्यावें, आणि रोज थोडें थोडें शिंपडण्यापेक्षां एक-दोन दिवसांआड मुळांपर्यंत पोंचेल असें द्यावें. वरवरच्या पाण्यानें मुळेंहि वरवरच राहतात व उन्हांत सांपडतात. कुंड्यांची माती मात्र लवकर सुकते, म्हणून त्या रोज पाहाव्यात.

पाणी बेताचें असेल त्या घरीं मडक्याची जुनी युक्ति उपयोगी पडते. न रंगविलेलें कच्च्या छिद्रांचें मातीचें मडकें गळ्यापर्यंत वाफ्यांत पुरावें, पाण्यानें भरून झांकण ठेवावें. पाणी मडक्यांतून पाझरत मुळांकडे जातें, उडून जात नाहीं. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी मोरींत न ओततां झाडांना घालावें. साबणाचें पाणी फुलझाडांस देऊं नये. मोगरा मात्र या उन्हाचा मित्र आहे. त्याची हलकी छाटणी करून खत-पाणी दिलें कीं तो चैत्र-वैशाखांत भरभरून फुलतो. बाग उन्हाळ्यांतहि अगदींच मुकी होत नाहीं.

घाटमाथ्यावरचीं फुलें

बागेची आवड लागली म्हणजे मुलांची नजर डोंगराकडे वळते. पावसाअखेर सोनकीनें पिवळे झालेले उतार, आणि सात वर्षांतून एकदां फुलणारी कारवी पाहून रोप उपटून घरीं आणावें असें वाटतें. तें करूं नये. हीं झाडें ज्या वीतभर मातीवर, ज्या धुक्यांत व ज्या कीटकांच्या सोबतीनें जगतात तें सर्व आपण पिशवींत घालून आणूं शकत नाहीं. घरीं आणलेलें रोप बहुधा मरतें आणि डोंगरावर तेवढी जागा मोकळी पडते. त्यांना पाहावयास जावें, त्यांचीं चित्रें काढावींत, नांवें शिकावींत.

उलट दिशेनेंहि सावध राहिलें पाहिजे. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झाड म्हणूनच हिंदुस्थानांत आणली गेली. आज तिनें रानेंच्या रानें व्यापून गवत व देशी झुडपें मागें सारलीं आहेत. कुरवंडे गांवाजवळ उगम पावणाऱ्या आपल्या इंद्रायणी नदीचें पात्र पुढें जागोजागीं जलपर्णीनें झांकलेलें दिसतें. ती जलपर्णीहि अमेरिकेंतून फुलांच्या मोहानेंच देशोदेशीं पोंचली. म्हणून बागेंतील काढून टाकलेलें झाड, कंद किंवा तळ्यांतील वनस्पति ओढ्यांत फेंकूं नये. वाळवून खताच्या खड्ड्यांतच टाकावी. कुंपणाच्या आंत आपण जें लावतों त्याची जबाबदारी कुंपणाशीं संपत नाहीं.

एका माळ्याचें उदाहरण

शेवटीं एका थोर माळ्याची ओळख करून देतों. विल्यम केरी हे तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवीत. ते १७९३ सालीं मिशनरी होऊन बंगाल्यांत आले. आपल्या भाषेवर त्यांचे उपकार आहेत. १८०५ सालीं त्यांनीं मराठीचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. पण ते निष्णात वनस्पतिज्ञहि होते. श्रीरामपूर येथें त्यांनीं मोठी बाग उभारली आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक संस्था स्थापिली. एकदां इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनीं बागेंत झटकली. त्या मातींतून कांहीं दिवसांनीं डेझीचें इवलेंसें फूल उगवलें. त्यांच्या मायदेशीं हें झाड वर्षानुवर्षें टिकतें. बंगालच्या हवेंत तें टिकेना. तेव्हां केरींनीं हट्ट सोडला, पण झाड सोडलें नाहीं. दरवर्षीं त्याचें बीं धरून तें नव्यानें पेरण्याचा क्रम त्यांनीं ठेवला. पुढें १८२३ सालच्या महापुरांत त्यांची बाग उद्ध्वस्त झाली. वय साठीच्या पुढें, प्रकृति खालावलेली. तरी पाणी ओसरल्यावर त्यांनीं पुन्हां लागवड आरंभिली.

या उदाहरणांत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली, हवेपुढें माणसाची आज्ञा चालत नाहीं. तिचें म्हणणें ऐकून आपली रीत बदलावी लागते. दुसरी, एका वर्षाचें नुकसान म्हणजे बागेचा शेवट नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकांत पहिल्या मनुष्याला सोंपविलेलें काम बागेचेंच होतें, आणि तें काम राजवाड्यांतल्या माणसालाच झेपतें असें नाहीं. दोन विटा, एक कुंडी, पाटीभर पानांचें खत आणि रोज पांच मिनिटें एवढ्यावर तें सुरू होतें.

तेव्हां मित्रहो, या वर्षीं एक वही करा. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळीं त्यांत किती मिलिमीटर पाऊस सांठला तें पट्टीनें मोजा व लिहा. त्याच पानावर कोणतें झाड फुललें, कोणतें मलूल झालें, आळें केव्हां मोडलें व केव्हां बांधलें, याची नोंद ठेवा. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, रोप मेलें म्हणून मुलास रागें भरूं नये. त्याच्यासह तें उपटून मुळें पाहावींत. मुळें काळीं व कुजकीं असतील तर पाणी अडलें होतें. कोरडीं व चिवट असतील तर पाणी पोंचलें नव्हतें. हें समजलें कीं त्याच जागीं दुसरें रोप लावण्यास तें मूल आपण होऊन पुढें येईल.